ब्रॅग बापलेक आणि मिठाचा खडा

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाने १८८५ साली गणित आणि प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी जो प्राध्यापक निवडला, तो अवघा तेवीस वर्षांचा होता आणि भौतिकशास्त्र जवळपास शिकलेलाच नव्हता. त्याचं नाव विल्यम हेन्री ब्रॅग. केंब्रिजच्या ज्या गणिताच्या परीक्षेत पुढे १८९९ साली आपले र. पु. परांजपे सीनियर रँग्लर ठरले, त्याच परीक्षेत १८८४ मध्ये ब्रॅग तिसरे आले होते. गणित पक्कं होतं, पण विजेचे प्रयोग कसे करायचे हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जायला तेव्हा बोटीने कित्येक आठवडे लागत. त्या आठवड्यांत ब्रॅग यांनी वीज आणि चुंबकत्वावरचं पाठ्यपुस्तक उघडलं आणि पोचल्यावर मुलांना जे शिकवायचं होतं ते आधी स्वतः शिकायला घेतलं.

अ‍ॅडलेडला पाऊल ठेवल्यावर दुसरी अडचण कळली. प्रयोगशाळेत उपकरणांची वानवा होती. नवी मागवायची तर बोटीने यायला महिने लागणार आणि विद्यापीठाच्या तिजोरीत पैसाही बेताचाच. ब्रॅग यांनी गावातल्या एका उपकरणं बनवणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन उमेदवारी केली. लेथ चालवायला ते तिथे शिकले आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना लागणारी साधनं स्वतःच्या हाताने घडवू लागले. केंब्रिजचा रँग्लर, विद्यापीठाचा प्राध्यापक, आणि कारागिराच्या हाताखाली काम शिकतोय, हे त्या काळात सहज घडणारं नव्हतं. ब्रॅग यांना त्यात कमीपणा वाटला नाही. पुढे १९२८ साली ब्रिटिश असोसिएशनच्या ग्लासगोच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी विषयच निवडला तो कारागिरी आणि विज्ञान यांच्या नात्याचा.

१८८९ मध्ये त्यांचं लग्न ग्वेंडोलिन टॉड यांच्याशी झालं. ग्वेंडोलिन जलरंगात उत्तम चित्रं काढत. त्यांचे वडील चार्ल्स टॉड म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे पोस्टमास्टर जनरल आणि सरकारी खगोलशास्त्रज्ञही. अ‍ॅडलेडपासून पार उत्तरेला डार्विनपर्यंत, ओसाड वाळवंटातून तारयंत्राची लाईन टाकण्याचं अवघड काम १८७२ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली पुरं झालं होतं. वाटेतलं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे नाव त्यांच्या पत्नीवरून पडलं. अशा घरात ३१ मार्च १८९० रोजी विल्यम लॉरेन्सचा जन्म झाला. दोन वर्षांनी धाकटा रॉबर्ट, म्हणजे बॉब, आणि बऱ्याच वर्षांनी, १९०७ मध्ये, मुलगी ग्वेंडोलेन. वडिलांची प्रयोगशाळा आणि आजोबांची वेधशाळा ही या मुलांची खेळायची ठिकाणं होती.

लॉरेन्स पाच-सहा वर्षांचा असताना एकदा तीनचाकी सायकल चालवत होता. बॉबने मागून उडी मारली, सायकल कलंडली आणि लॉरेन्सच्या डाव्या कोपराचा चुरा झाला. घरच्या डॉक्टरांचं मत पडलं की सांधा आता काही सुधारायचा नाही, हात तसाच आखडू द्यावा. पण ग्वेंडोलिन यांचे भाऊ स्वतः डॉक्टर होते. त्यांना ते पटेना. त्यांनी ठरवलं की दर काही दिवसांनी भाच्याला इथरची गुंगी द्यायची आणि हात हळूहळू वाकवत राहायचा, म्हणजे हाडं नव्याने जुळताना सांधा मोकळा राहील. आत नेमकं काय चाललंय हे मात्र बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

याच सुमारास युरोपातून बातमी आली. जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले होते आणि १८९६ उजाडताच जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ हाताला येईल त्या निर्वात नळीला उच्च दाबाची वीज जोडून पाहू लागले होते. विल्यम यांनीही अ‍ॅडलेडमध्ये ती जुळवाजुळव केली. मग या नव्या किरणांखाली मुलाचं कोपर धरायचं ठरलं. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय कामासाठी क्ष-किरण वापरल्याच्या अगदी पहिल्या नोंदींमध्ये या छायाचित्राची गणना होते.

पण लॉरेन्स घाबरून गेला. इंडक्शन कॉइलच्या ठिणग्या कडाडत होत्या, नळीतून हिरवट उजेड लुकलुकत होता आणि खोलीभर ओझोनचा उग्र वास पसरला होता. दुखऱ्या हाताचं पोर त्या यंत्रापुढे बसायलाच तयार होईना. तेव्हा आधी बॉबला बसवलं. बॉबने न कुरकुरता आपला हात पुढे केला, छायाचित्र काढून घेतलं, आणि त्याला काही झालं नाही हे पाहिल्यावर मग थोरला तयार झाला. कोपर पुढे बरंच कामाचं झालं. हात जरासा आखूड आणि वाकडा राहिला तो मात्र जन्मभर. याच किरणांवरून वीस वर्षांच्या आत या बापलेकांना एकत्र नोबेल मिळणार होतं, म्हणून चरित्रकारांना हा प्रसंग फार प्रिय आहे. त्यातला बॉबचा वाटा बहुतेकदा एका वाक्यात उरकला जातो, तसा तो उरकला जाऊ नये.

लॉरेन्स अभ्यासात इतका पुढे की अ‍ॅडलेड विद्यापीठात तो पंधराव्या वर्षी दाखल झाला. वर्गातले सगळे वयाने मोठे, त्यात हाताचं अधू असणं आणि स्वभाव लाजाळू. मैदानी खेळांत त्याचं मन रमेना. तो समुद्रकिनाऱ्यावर एकटा शिंपले गोळा करत हिंडायचा. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, तो म्हणजे माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं कवच. लॉरेन्सला अशी काही कवचं सापडली, जी कुठल्याच ज्ञात जातीशी जुळत नव्हती. अ‍ॅडलेडचे डॉक्टर आणि शंखशिंपल्यांचे अभ्यासक जोसेफ व्हेर्को यांनी १९०७ मध्ये त्या प्राण्याला नाव दिलं, सेपिया ब्रॅगी. म्हणजे ब्रॅग हे आडनाव प्राणिशास्त्रात जाऊन बसलं ते स्फटिकशास्त्राच्याही आधी, आणि तेही मुलामुळे.

विल्यम यांनी स्वतः संशोधनाला हात घातला तो चाळिशी उलटल्यावर. आधीची अठरा वर्षं त्यांनी मनापासून शिकवण्यात घालवली होती. १९०४ च्या जानेवारीत न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला एका विज्ञान परिषदेत त्यांना भाषण करायचं होतं. त्यासाठी किरणोत्सर्गाविषयीचं ताजं वाचन करताना त्यांना एक प्रश्न सुचला. रेडियममधून सुटणारे अल्फा कण हवेतून जाताना हळूहळू विरून जातात की प्रत्येक जण ठरावीक अंतर कापून थांबतो? त्यांचे सहकारी रिचर्ड क्लीमन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की प्रत्येक प्रकारच्या अल्फा कणाचा पल्ला ठरलेला असतो, हवेत फक्त काही सेंटिमीटर. आणखी एक गोष्ट दिसली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. कण वाटेत हवेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत जातो, पण त्याचा सगळ्यात मोठा तडाखा बसतो तो थांबण्याच्या जरा आधी. वेग कमी झाल्यामुळे तो प्रत्येक रेणूजवळ अधिक वेळ रेंगाळतो आणि अधिक ऊर्जा देऊन बसतो. आलेख काढला तर रेषा बराच वेळ सपाट जाते, शेवटी एकदम उंच चढते आणि कोसळते.

त्या उंचवट्याला आज ब्रॅग शिखर म्हणतात, आणि आपल्याला ते फार लांबचं नाही. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात कर्करोगावर प्रोटॉन उपचार दिले जातात. प्रोटॉनही तसेच वागतात. त्यांची ऊर्जा अशी बेतायची की थांबण्याची जागा गाठीत यावी. मग मारा गाठीवर होतो आणि तिच्या पलीकडचा निरोगी भाग जवळजवळ वाचतो. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींच्या बाबतीत या वाचण्याला किती मोल आहे हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं घरात चालू असताना लॉरेन्स महाविद्यालयीन विद्यार्थी होता. वडील संशोधनातले अडथळे, नव्या कल्पना, फसलेले प्रयोग त्याच्याशी बोलत, तेही बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसे. त्यांच्याकडे तयार उत्तरं नव्हती, ते स्वतःच शोधात होते. प्राध्यापकाच्या घरात मुलाला पुस्तकं मिळणारच, शिकवणीही मिळणार. पण चाळिशी उलटलेला बाप एखाद्या प्रश्नावर अडलेला आणि त्यामुळे उत्साहात आलेला रोज पाहायला मिळणं ही चीज विरळा. लॉरेन्सच्या घडणीत याचा वाटा सगळ्यात मोठा मानायला हवा.

१९०९ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं. विल्यम लीड्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. अ‍ॅडलेडच्या लख्ख उन्हात वाढलेल्या ग्वेंडोलिन यांना लीड्सचं गिरण्यांच्या धुराने काळवंडलेलं आकाश सोसवेना. लॉरेन्स केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणितासाठी गेला, वडिलांनी सुचवलं म्हणून भौतिकशास्त्राकडे वळला आणि पुढे जे. जे. थॉमसन यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधनाला लागला.

विल्यम तेव्हा एका वादात गुंतले होते. क्ष-किरण म्हणजे लहरी की कण? चार्ल्स बार्कला लहरींच्या बाजूने, विल्यम कणांच्या. १९१२ मध्ये म्युनिकहून बातमी आली की माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवले आणि मागच्या छायाचित्रपट्टीवर ठिपक्यांची रेखीव नक्षी उमटली. लहरीच असं करू शकतात, असं लाउए यांचं म्हणणं. त्या उन्हाळ्यात ब्रॅग कुटुंब यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर क्लॉटन इथे सुटीवर होतं. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ लार्स वेगार्ड यांनी या प्रयोगाची सविस्तर माहिती विल्यम यांना पत्राने कळवली. सुटी तिथेच संपली म्हणायची. बापलेक दिवसचे दिवस तेवढंच बोलत राहिले. लॉरेन्स आधी वडिलांच्या बाजूचा होता. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमध्ये मोकळ्या वाटा असतील आणि कण त्या वाटांनी निसटत असतील, असं दाखवता येतं का हे त्यानेही पाहिलं. ते जमलं नाही.

शरद ऋतूत केंब्रिजला परतल्यावर, नदीकाठच्या महाविद्यालयांच्या मागच्या हिरवळीवरून फिरताना त्याला उलगडा झाला. ठिपके पाडणाऱ्या या लहरी स्फटिकातल्या अणूंच्या पातळ्यांवरून, एकावर एक रचलेल्या थरांवरून, परावर्तित होत असल्या पाहिजेत. कोकणात एसटीच्या खिडकीतून एखादी आखीव लावलेली काजूबाग पाहावी. गाडी पुढे जाते तशी झाडं आधी विस्कटलेली दिसतात, मग एका कोनात अचानक सरळ रांगा उघडतात, पुढे दुसऱ्या कोनात दुसऱ्याच, तिरक्या रांगा. काही रांगा दाट आणि एकमेकींपासून लांब, काही विरळ आणि जवळजवळ. झाडं तीच, जागा तीच. स्फटिकात अणू असेच आखून बसलेले असतात आणि त्यांतून अशा किती तरी पातळ्यांचे गठ्ठे कल्पिता येतात.

एका गठ्ठ्यावर क्ष-किरण पडला की वरच्या पातळीवरून थोडा परततो, खालच्या पातळीवरून थोडा, तिच्याखालून आणखी थोडा. खालून येणाऱ्याला जास्त अंतर कापावं लागतं. हे जादा अंतर लहरीच्या लांबीच्या बरोबर एकपट, दुप्पट, तिप्पट भरलं तर सगळ्या लहरींचे चढउतार जुळतात आणि एकत्र येऊन झगझगीत ठिपका पडतो. नाही भरलं तर त्या एकमेकींना पुसून टाकतात. जादा अंतर ठरतं दोन गोष्टींवर, पातळ्यांमधलं अंतर आणि किरणाचा तिरकसपणा. शाळेतल्या त्रिकोणमितीत बसणारा हा नियम लॉरेन्सने ११ नोव्हेंबर १९१२ रोजी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडल्या गेलेल्या लेखात दिला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

वडिलांचा कणवाद या नियमाने डळमळला आणि तो मुलाच्या हातून डळमळला. विल्यम यांनी ते मान्य केलं. पण कणांसारखं वागल्याचे स्वतः पाहिलेले पुरावेही ते विसरले नाहीत. दोन्ही मतांतलं एक निवडण्यापेक्षा दोन्हींचे गुण असलेला एकच सिद्धान्त शोधायला हवा, असं त्यांनी त्याच वर्षी लिहिलं. पुंज सिद्धान्ताने पुढच्या दीड दशकात नेमकं तेच केलं, हे पाहता या वाक्याची दूरदृष्टी थक्क करते.

आता अ‍ॅडलेडची उमेदवारी कामाला आली. लॉरेन्सने अभ्रकाच्या पापुद्र्यावरून क्ष-किरण आरशासारखे परततात हे छायाचित्राने दाखवलं. विल्यम यांनी लीड्समध्ये त्यापुढचं यंत्रच घडवलं, क्ष-किरण वर्णपटमापक. शिशाच्या पेटीत नळी, पेटीला बारीक फट, समोर अंश कोरलेल्या फिरत्या चकतीवर स्फटिक, आणि परतलेला किरण पकडायला वायू भरलेली नळकांड्यासारखी कुपी. किरण आत शिरला की वायूत विद्युतभार तयार होतो आणि सोन्याच्या वर्खाची पट्टी सरकते. स्फटिक एक अंश फिरवायचा, कुपी दोन अंश, आणि सूक्ष्मदर्शकातून वर्ख किती हलला ते टिपायचं. पुन्हा एक अंश. लाउए यांच्या ठिपक्यांवरून जी गोष्ट मोठ्या कष्टाने तर्काने काढावी लागे, ती या यंत्राने थेट मोजता येऊ लागली.

पहिल्या मोजणीत साधं मीठ होतं. खडेमिठाचा दाणा हाताच्या भिंगाखाली धरला तर दिसतं की तुटलेल्या कडासुद्धा काटकोनात आहेत, मोठ्या घनावर लहान घन, पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले. उरण किंवा पेणच्या मिठागरात उन्हात खारं पाणी आटून जमलेल्या मिठातही हा आकार दिसतो. आतली मांडणी बाहेर अशी डोकावते. पण आत पातळ्यांमधलं अंतर किती? हिशोब कुणालाही करता येईल असा आहे. मिठाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन २.१६ ग्रॅम. ५८.५ ग्रॅम मिठात, म्हणजे साधारण २७ घन सेंटिमीटरमध्ये, सोडियमचे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू आणि क्लोरीनचेही तितकेच. जागा वाटून दिली आणि घनमूळ काढलं की शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर येतं २.८२ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. पॅलेडियमच्या लक्ष्यातून निघालेले क्ष-किरण या पातळ्यांवरून सुमारे सहा अंशांच्या कोनात परततात. कोन आणि अंतर दोन्ही कळल्यावर लहरीची लांबीही कळली. मग त्याच किरणांनी कुठल्याही अनोळखी स्फटिकातलं अंतर मोजायची वाट खुली झाली.

मिठाने रसायनशास्त्रज्ञांना धक्काही दिला. पाठ्यपुस्तकात एक सोडियम आणि एक क्लोरीन मिळून मिठाचा एक रेणू होतो असं शिकवत. लॉरेन्सच्या उलगड्यात असा रेणू कुठे सापडेचना. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, ही जाळी दाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अमुक सोडियम अमुक क्लोरीनचा, असं म्हणायची सोयच नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या नामवंत, वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञाला हे इतकं खटकलं की १९२७ सालीही त्यांनी ‘नेचर’मध्ये या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठाविरुद्ध जळजळीत पत्र लिहिलं. तोवर मात्र जग मिठाची ही मांडणी मान्य करून बसलं होतं. १९१३ मध्ये बापलेकांनी मिळून हिऱ्याची रचना सोडवली. प्रत्येक कार्बनला चारच शेजारी, चारही बाजूंना सारख्या अंतरावर. हिऱ्याच्या कठीणपणाला प्रथमच चित्र मिळालं.

यश आलं आणि त्याबरोबर घरातली एक अवघड गोष्टही. परिषदांची आमंत्रणं वडिलांना येत. १९१३ मध्ये ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत स्फटिकांवर बोलले ते विल्यम. ते दर वेळी मुलाचं नाव घेत, मूळ कल्पना त्याची हे सांगत. ऐकणाऱ्यांना मात्र वाटे, बाप मोठ्या मनाने लेकाला पुढे करतोय. त्या परिषदेला जमलेल्या शास्त्रज्ञांनी, त्यांत आइन्स्टाइन, मेरी क्यूरी आणि लोरेन्ट्झही होते, लॉरेन्सला सह्या करून अभिनंदनाचं एक कार्ड पाठवलं. तो ते कौतुकाने सांगत असे, पण स्वतः तिथे नसल्याची खंत त्याच्या मनातून कधी गेली नाही. १९१५ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत विल्यम यांनी स्वच्छ लिहिलं की परावर्तनाची कल्पना मुलाची आणि स्फटिकांच्या रचना उलगडण्याच्या कामाचा बराच मोठा भागही मुलाचाच. याहून जास्त एखादा बाप काय करणार होता? तरी कोंडी सुटली नाही. दोघंही भावना बोलून दाखवणारे नव्हते. अणूंवर तासन्‌तास बोलणाऱ्या या दोघांना हा एक विषय एकमेकांशी नीट बोलता आला नाही.

तोपर्यंत युद्ध सुरू झालं होतं. लॉरेन्सला लष्कराने फ्लँडर्सच्या आघाडीवर एक काम दिलं: शत्रूची तोफ कुठे दडली आहे हे तिच्या आवाजावरून शोधणं. काही किलोमीटरच्या पट्ट्यात एकामागोमाग ध्वनिग्राहक मांडायचे आणि आवाज कुणाकडे किती उशिरा पोचला यावरून जागा काढायची. अडचण अशी की साधे ध्वनिग्राहक माणसांचं बोलणं, बंदुका आणि गोळ्याचा कानठळ्या बसवणारा सुसाट आवाज टिपत, खुद्द तोफेचा दबका हुंकार टिपतच नसत. लॉरेन्सच्या लक्षात आलं की तोफ उडाली की कानाला फारसं ऐकू येत नाही, पण बंद शौचकुपात बसलं असता आसनाखालून हवेचा धक्का जाणवतो. म्हणजे इतक्या खालच्या पट्टीची लहर, जी कानाला कळत नाही आणि शरीराला कळते. त्याच्या तुकडीतले टकर यांना रात्री फळीच्या फटीतून हवेची थंड झुळूक चेहऱ्यावर येताना याचा उपाय सुचला. डब्याला भोक पाडून त्यावर तापलेली बारीक तार ताणायची. हुंकाराची हवा आत-बाहेर झाली की तार थंड होते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. वरच्या पट्टीचे आवाज तारेला शिवतही नाहीत. १९१६ पासून हे यंत्र आघाडीवर आलं आणि तोफांच्या जागा अचूक सांगू लागलं. त्याच काळात विल्यम ब्रिटिश नौदलासाठी पाण्याखालच्या पाणबुड्यांचा आवाज ऐकण्याच्या कामावर होते. एक समुद्रात कान लावून, दुसरा चिखलात.

१९१५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला बॉब गॅलिपोलीत जखमी होऊन मरण पावला. तो तेवीस वर्षांचाही झाला नव्हता. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, भौतिकशास्त्राचं नोबेल विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग यांना जाहीर झालं. आघाडीवर लॉरेन्स ज्या गावात राहत होता तिथल्या धर्मगुरूने ही बातमी ऐकून तळघरातली वाईनची बाटली काढून आणली, एवढाच काय तो सोहळा. लॉरेन्स पंचवीस वर्षांचा. भौतिकशास्त्रात त्याच्याइतक्या लहान वयात नोबेल आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही, आणि बाप-मुलाने एकाच वर्षी ते विभागून घेतल्याचं दुसरं उदाहरणही नाही. युद्धामुळे दोघंही स्टॉकहोमला गेले नाहीत. पुढे १९२२ मध्ये लॉरेन्स यांनी जाऊन नोबेल व्याख्यान दिलं. विल्यम यांनी ते कधीच दिलं नाही.

युद्धानंतर दोघांनी कामाची वाटणी केली. खनिजं आणि अकार्बनी पदार्थ मुलाकडे, कार्बनी पदार्थ वडिलांकडे. वादाविना, दोन घरं वेगळी व्हावीत तसं. लॉरेन्स मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या जागी प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी सिलिकेट खनिजांच्या, म्हणजे ज्यांनी पृथ्वीचं कवच बनलं आहे त्यांच्या, रचनांचा गुंता सोडवला. विल्यम १९२३ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे संचालक. तिथे नाताळात शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं देण्याची फॅरेडेंपासूनची प्रथा आहे. १९२५ च्या व्याख्यानमालेत विल्यम यांनी खलाशी, लोहार, विणकर, रंगारी, कुंभार आणि खाणकामगार या सहा धंद्यांमधलं विज्ञान मुलांना उलगडून दाखवलं. कारखान्यात शिकलेल्या प्राध्यापकाला शोभेसाच विषय होता तो.

त्यांच्याकडे तेव्हाच्या इंग्लंडमध्ये अपवादानेच दिसाव्यात इतक्या स्त्रिया संशोधन करत. त्यांच्यातल्या कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी दाखवून दिलं की बेंझीनचं कडं सपाट असतं. मुलं झाल्यावर त्या घरी अडकल्या, तेव्हा घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून विल्यम यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधून पैशांची तजवीज केली आणि त्यांना प्रयोगशाळेत परत आणलं. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतलं, त्या दोघींपैकी एक लॉन्सडेल होत्या. संशोधन आणि मूल या दोन्ही गोष्टी एकाच घरात कशा नांदवायच्या, या प्रश्नाला विल्यम यांनी उपदेशाऐवजी पैशाचं उत्तर दिलं. त्यांच्या गुणांमध्ये याची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

विल्यम मार्च १९४२ मध्ये गेले. लॉरेन्स यांना आदल्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला होता. तोवर १९३८ पासून ते कॅव्हेंडिशचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ साली, तिथे वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्या कामाची भिस्त क्ष-किरणांच्या ठिपक्यांवर होती, लंडनमध्ये रोझालिंड फ्रँकलिन यांनी मिळवलेल्या छायाचित्रांवर. १९५४ मध्ये लॉरेन्स वडिलांच्याच जागी रॉयल इन्स्टिट्यूशनला आले आणि दरवर्षी हजारो शाळकरी मुलांना तिथे बोलावून प्रयोग दाखवू लागले. बागकाम हा त्यांचा जीव की प्राण. लंडनच्या बिऱ्हाडाला बाग नव्हती, तेव्हा आठवड्यातून एक दुपार ते ओळख न सांगता एका बाईंच्या घरी माळीकाम करत. तिच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने खिडकीतून त्यांना ओळखलं, अशी हकीगत त्यांचे सहकारी सांगत.

त्यांना चार मुलं. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं, पण १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं आणि हस्तलिखित घरातच राहिलं. वडिलांचं चरित्र १९७८ मध्ये धाकट्या बहिणीने, ग्वेंडोलेन कॅरो यांनी, लिहून पूर्ण केलं. लॉरेन्स यांच्या आठवणी छापून यायला २०१५ साल उजाडावं लागलं. त्यांची मुलगी पेशन्स थॉमसन यांनी ऑक्सफर्डचे स्फटिकशास्त्रज्ञ माइक ग्लेझर यांच्याबरोबर त्या संपादित केल्या आणि आई अ‍ॅलिस यांच्या आठवणीही त्याच पुस्तकात जोडल्या.